फुलावर पडलेली थंडी

बिडकीन ओलांडून पैठणच्या अंगाला थोडं गेलं की डाव्या हाताला आता औद्योगिक वसाहतीचे रुंद डांबरी रस्ते एकमेकांना छेदत गेलेले दिसतात. रस्त्यांवर दिव्यांचे खांब आहेत, खांबांवर आकडे आहेत, आणि खांबांखाली चिटपाखरू नाही. गेल्या पौषात एका लग्नाहून परतताना मी मुलाला तिथं गाडी थांबवायला लावली. सकाळची वेळ होती. काच खाली केल्याबरोबर नाकाच्या शेंड्याला चिमटा बसावा अशी थंडी. मी उतरले, शाल कानांवरून घेतली आणि उभी राहिले. मुलगा म्हणाला, इथं बघण्यासारखं काय आहे? मी हातानं दाखवलं, या खांबापासून त्या पाण्याच्या टाकीपर्यंत आपली मोसंबीची बाग होती. त्यानं मान हलवली. त्याच्या डोळ्यांसमोर काही उभं राहिलं नाही, हे मला कळलं.

मला आधी आला तो जळक्या कडब्याचा वास. मोसंबीच्या फुलांचा त्याच्या मागून आला. हे दोन वास मला आजवर कधी वेगळे करता आले नाहीत.

आमच्या भागातली जुनी माणसं वर्षं मोजायची ती निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या आधीची आणि नंतरची अशी. बाग नंतरची. ॲक्शननंतरच्या पहिल्या पावसाळ्यात माझ्या वडिलांनी, आबांनी, दोनशे कलमं लावली. त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, ज्वारीच्या रानात झाडं लावायला राजी नव्हते; पण खड्डे खणायला पहाटे सगळ्यांच्या आधी तेच हजर असायचे. पहिले चार उन्हाळे माझ्या मायनं डोक्यावर घागर घेऊन एकेका रोपाला पाणी घातलं. तिच्या डोक्याच्या मधोमध केस विरळ झाले होते ते चुंबळीमुळं. वेणी घालताना ती तिथं बोट फिरवायची आणि म्हणायची, इथं माझी बाग हाय.

मोसंबीला थंडी लागते, हे मी अक्षरं शिकायच्या आधी शिकले. दिवाळी झाली की बागेचं पाणी तोडायचे. जमीन भेगाळायची, पानं पिवळी पडून गळायची, झाडं उपाशी गुरांसारखी दिसायला लागायची. मला तेव्हा त्यांची कीव यायची आणि मी चोरून तांब्याभर पाणी ओतायची. मायनं एकदा ते पाहिलं आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी मातीत पडले. झाडाला तहान सोसू दे, गारठा खाऊ दे, तवाच ते फुलतं, असं ती म्हणाली. मार्गशीर्ष-पौषात थंडी झाडांच्या हाडांत शिरायची. संक्रांत झाली की विहिरीवर मोट चालू व्हायची, चाकाची कुरकुर दिवसभर चालायची, आणि पंधरा-वीस दिवसांत त्या मेल्यासारख्या फांद्यांवर पांढऱ्या कळ्या फुटायच्या. संध्याकाळी वारा पडला की वासानं डोकं जड व्हायचं. मधमाश्यांचा आवाज बांधाच्या पलीकडून ऐकू यायचा.

थंडी फुलाच्या आधी आली तर ती आई, आणि फुलावर आली तर ती वैरीण. हे मोठे बाबा म्हणायचे.

मोठ्या बाबांचं आणि मायचं बोलणं नव्हतं. भांडण म्हणून नव्हे, रीत म्हणून. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भाया. भायासमोर भावजयीनं पदर कपाळापर्यंत ओढायचा, त्याच्या सावलीला पाय लावायचा नाही, आणि बोलायची वेळ आलीच तर मधे तिसरं माणूस ठेवायचं. ते तिसरं माणूस मी होते. दोघं एकाच पडवीत चार हातांवर असायचे. माय म्हणायची, त्यांना सांग, भाकरी वाढलीया. मी तोंड वळवून म्हणायची, मोठे बाबा, भाकरी वाढलीया. ते म्हणायचे, तुझ्या मायला सांग, बैलांना पाणी पाजून येतो. मी पुन्हा तोंड वळवायची. दोघांनाही सगळं ऐकू गेलेलं असायचं. मला त्या कामाचा मोठा रुबाब वाटायचा.

त्यांचा जीव बैलांवर होता. चांद्या आणि पाखऱ्या अशी खिल्लारी जोडी होती. मोठी माय, म्हणजे त्यांची बायको, सांगायची की लग्नानंतर पहिलं वर्षभर तिला वाटायचं, या माणसाचं लग्न आधीच झालेलं आहे, गोठ्यात. त्यांना मूलबाळ नव्हतं.

मी बारा वर्षांची होते त्या साली बाग पहिल्यांदा भरून फुलली. आधीच्या दोन वर्षांत आली ती किरकोळ फळं होती. या खेपेला फांदी दिसत नव्हती. पण त्या साली परतीचा पाऊस आला नव्हता. रब्बीची ज्वारी गुडघ्याएवढी राहून वाळली होती. त्यामुळं दिवाळीला निघालेल्या ज्वारीचा जो कडबा होता, तेवढाच बैलांना पुढच्या पावसाळ्यापर्यंतचा चारा होता. त्या कडब्याची गंजी बागेच्या वरच्या अंगाला रचलेली होती, घराएवढी उंच, आणि मोठे बाबा रोज तिच्यातल्या पेंढ्या मोजून काढायचे.

माघ अर्धा सरला असेल. काही फुलं गळून मोहरीच्या दाण्याएवढी फळं धरायला लागली होती. एक दिवस दुपारपासूनच हवेत सुरीची धार आली. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीजवळच्या पपईची पानं उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी काळी होऊन लोंबत होती. शेजारच्या पडीक रानात भिवाजी धनगरानं मेंढ्या बसवल्या होत्या. त्याची दोन कोकरं गारठून मेली होती. त्यानं ती पाय धरून आणली आणि आमच्या बांधावर ठेवली. ती लाकडासारखी ताठ झाली होती, एकमेकांवर आपटल्यावर आवाज आला.

भिवाजी आबांना म्हणाला, “आजची कायबी नाय. वारा पडलाय, आभाळ धुतल्यावानी हाय. उद्याची पहाट लई वंगाळ हाय. धूर करा, पाणी फिरवा.”

तो सगळा दिवस आमच्या घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही, सगळे धावत होते. मोठ्या बाबांनी स्वतः मोट धरली आणि बैलांच्या तोंडाला फेस येईपर्यंत बागेत पाणी सोडलं. ओली जमीन ऊब धरते म्हणून. आबा आणि भिवाजी तुराट्या, पऱ्हाट्या, निंबाचा पाला ओढून आणत होते. मोठी माय शेणाच्या पाट्या वाहत होती. दोन-दोन ओळींच्या मधे ढीग घातले. दिवेलागणीला ढिगांकडं बघून आबा म्हणाले, हे पहाटेपर्यंत पुरायचं नाही. मग त्यांनी गंजीकडं पाहिलं. मोठ्या बाबांनी त्यांची नजर पकडली आणि एवढंच म्हणाले की, मुक्या जनावराच्या तोंडातला घास हाय तो, तिकडं बघूबी नको. आबांनी मान खाली घातली. मोठे बाबा थकलेले बैल घेऊन गावातल्या घरी गेले, मोठी माय त्यांच्या मागं गेली.

तुराट्या फडफडून जळतात आणि संपतात. कोंबडा आरवला तेव्हा निम्मे ढीग राख झाले होते. आणि थंडीचा खरा कडाका तर उजाडायच्या तोंडावर असतो. माझ्या पायाखालचं गवत करकरत होतं. मी वाकून हात लावला, तर दहिवर गोठून पात्यांवर मिठासारखं बसलं होतं. आबा आणि भिवाजी बागेच्या खालच्या टोकाला उरलेला पाला विस्तवावर टाकत होते. वरच्या अंगाला मी आणि माय दोघीच होतो.

मायनं एक फांदी धरून खाली ओढली. बारीक हिरवी फळं पांढरट पडायला लागली होती. तिनं एक तोडून दातांखाली धरलं आणि थुंकली. मग ती विझत्या ढिगाशी गेली, दोन जळती लाकडं उचलली. एक माझ्या हातात दिलं.

“मी हिकडून लावते,” ती म्हणाली, “तू पल्याडून लाव.”

मी गंजीच्या मागच्या बाजूला गेले, खालच्या पेंढीत लाकूड खुपसलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग आतून एक श्वास घेतल्यासारखा आवाज आला आणि गंजी पेटली. ज्वाळ माझ्या दोन्ही हातांवरून गेली. मी मागं पडले. वर पाहिलं तर आभाळ तांबडं झालं होतं आणि जळती पानं पाखरांसारखी बागेवरून उडत होती. मायनं ओल्या पाल्याचे भारे त्यात लोटले. धूर उठला तो सगळी बाग गिळून उताराला गेला, जाड, पांढरा, कोमट. गंजीजवळची एक ओळ आगीनंच करपली. तिची फुलं कढईत टाकल्यासारखी तडतडली.

मोठे बाबा गावातून धावत आले ते उघड्या अंगानं. हातात गोठ्याच्या दाराचा आडणा होता. खालच्या टोकाकडून आबाही धावत आले होते, आणि गंजीसमोर ते दोघं एकदमच पोहोचले. आबांनी जळती गंजी पाहिली, मायच्या हातातलं लाकूड पाहिलं. त्यांना कळलं. मोठे बाबा विचारायला थांबले नाहीत. पहिला आडणा आबांच्या खांद्यावर बसला, दुसरा कोपरावर. कोपराचा आवाज मी ऐकला. तुराटी मोडतो तसा होता. आबा खाली बसले. त्यांनी हात वर केला नाही, मी नाही लावली असंही म्हणाले नाहीत. मोठे बाबा मारत राहिले, पाठीवर, मांडीवर, आणि प्रत्येक फटक्याला बैलाचं नाव घेत होते. चांद्या. पाखऱ्या. चांद्या. भिवाजी त्यांना धरायला गेला तर त्याच्या तोंडावर कोपर बसून त्याचा दात पडला.

तेव्हा माय मधे आली. डोक्यावरचा पदर मागं पडला होता, तो तिनं उचलला नाही. तोंड काजळीनं भरलं होतं. ती मोठ्या बाबांच्या समोर, एका हातावर उभी राहिली, आणि मला मधे न घेता बोलली.

“भाऊजी, आग मी लावली. मारायचं तर मला मारा.”

‘मी’ असं म्हणाली ती. ‘आम्ही’ म्हणाली नाही. आणि मी गंजीच्या मागं, भाजलेले हात काखेत धरून, गप्प उभी होते.

मोठ्या बाबांचा आडणा हवेत तसाच राहिला. ती लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिचा आवाज स्वतःसाठी ऐकला नव्हता. भावजयीवर हात टाकला तर त्या माणसाला आमच्या गावात कुणी पाणी दिलं नसतं. त्यांनी आडणा फेकला, बागेतल्या झोपडीच्या कुडाला अडकवलेली कुऱ्हाड ओढली आणि बागेत शिरले.

पहिलं झाड चार घावांत गेलं. सात वर्षांची झाडं, मांडीएवढी खोडं, फुलांनी लगडलेली. प्रत्येक घावाला फुलं झडायची आणि त्यांच्या खांद्यावर, केसांत पडायची. दुसरं, तिसरं. तोडलेल्या लाकडाचा कडवट ओला वास धुरात मिसळला. कुणी त्यांना अडवलं नाही. माय जागची हलली नाही. ती प्रत्येक झाड पडताना बघत होती आणि तिचा जबडा हलत होता, जणू मोजत होती. उजाडलं. धुरातून सूर्य तांब्याच्या ताटासारखा वर आला. नवव्या झाडाला कुऱ्हाड निसटली आणि त्यांच्याच नडगीत बसली.

ते खोडाला टेकून बसले आणि पायाकडं बघत राहिले. रक्त फुलांवर सांडत होतं. सगळ्यात आधी त्यांच्याजवळ गेले ते आबा. एक हात लोंबत होता. दुसऱ्या हातानं त्यांनी भावाची नडगी दाबून धरली आणि भिवाजीला पटका मागितला. दोघं भाऊ तसेच बसून होते, बैलगाडी येईपर्यंत. एकमेकांकडं बघत नव्हते. गाडी आली, तिला चांद्या आणि पाखऱ्याच जुंपलेले होते.

माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं, असं मला वाटलं. मी विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यात हात बुडवून बसले होते. दोन्ही तळव्यांवर फोड आले होते. मोठी माय केव्हा आली कळलं नाही. ती नवऱ्याच्या मागोमाग धावत आली होती; बांधावरून येताना गंजीच्या मागची बाजू तिच्या समोरच होती. तिनं माझे हात पाण्यातून काढले, कोरफडीचं पान चिरून त्यावर पिळलं, लुगड्याचा काठ फाडून बांधलं. तिचा नवरा रक्तात होता, वर्षाचा चारा जळत होता, आणि ती गाठ मारत होती ती अगदी हलक्या हातानं.

“कुनी विचारलं तर चुलीवर भाजलं म्हन,” ती म्हणाली. आणि गाडीकडं गेली.

बाग वाचली. आसपासच्या रानांत त्या थंडीनं पेरू, पपई, भाजी सगळं काळं केलं. आमची तोडलेली आठ झाडं आणि भाजलेली एक ओळ सोडली तर बाकीच्या झाडांनी फळ धरलं. आबांचा हात वाकडाच बसला. पुढं आयुष्यभर त्यांनी भाकरी डाव्या हातानं मोडली.

चाऱ्याचं काय झालं, ते मी विसरायचा प्रयत्न केला आहे. माय रोज उन्हात डोंगराकडं जाऊन गवताची मुळं उपटून आणायची, बाभळीच्या शेंगा, वडाचा पाला आणायची, आणि गोठ्याच्या दाराशी टाकून परत फिरायची. मोठे बाबा लंगडत येऊन ते बैलांपुढं ओढायचे. बैलांच्या फासळ्या मोजता यायला लागल्या. वैशाखात एका दुपारी चांद्या बसला तो उठला नाही. डोळे उघडे, डोळ्यांवर माशा. मोठे बाबा धोतराच्या सोग्यानं त्या हाकलत होते. माय गेली, पाठोपाठ मी. मोठ्या बाबांनी वर पाहिलं, आणि तिच्याकडं नाही, माझ्याकडं बघून म्हणाले, “तुझ्या मायला सांग, घरी जाय म्हनावं.”

मी तोंड वळवलं. तोवर मायनं कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि बाहेर जाऊन खड्डा खणायला लागली. वैशाखातली जमीन, दगडासारखी. संध्याकाळपर्यंत ती खणत होती. तिच्या हातांतून रक्त आलं तरी तिला कुणी थांबवलं नाही आणि कुणी हातही लावला नाही. बैलाला त्यातच पुरलं.

त्या भाद्रपदात मोसंबी उतरली. सालीवर पिवळी तकाकी, हातात जड. गावातली पोरं रस कोपरापर्यंत ओघळेपर्यंत खात होती. मोठ्या बाबांनी फोड तोंडात घातली नाही, त्या वर्षी नाही आणि पुढंही कधी नाही. दसऱ्याला भाऊ वेगळे झाले. घरात मधे तुराट्यांचा कूड उभा राहिला. माझं मधे बोलायचं काम गेलं. कुडाच्या पलीकडून मोठ्या बाबांचा खोकला ऐकू यायचा आणि अलीकडून माय भाकरी थापताना थांबायची, खोकला संपेपर्यंत.

पुढं माझं लग्न झालं, मी शहरात आले. मोठे बाबा गेले तेव्हा माय त्यांच्या तिरडीपर्यंत गेली आणि पदर कपाळापर्यंत ओढून उभी राहिली. मग मोठा दुष्काळ पडला. विहिरीचा तळ दिसला, दोन वर्षांत बाग उभी वाळली, आणि आबांनी एका हातानं जमेल तेवढी झाडं स्वतः तोडली. माय आणि आबा एका वर्षाच्या अंतरानं गेले. त्या पहाटेबद्दल मायनं मला काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मोठी माय सगळ्यांच्या मागं राहिली. शेवटी तिला शहरातल्या दवाखान्यात आणलं होतं. मी रोज डबा घेऊन जायची. एका दुपारी वॉर्डात बाकीच्या बायका झोपल्या होत्या, आणि मी तिला विचारलं. गंजीच्या मागं तू मला पाहिलं होतंस. मग मोठ्या बाबांना कामून सांगितलं नाहीस? तिच्या बैलाचा जीव त्यात गेला होता, तिच्या नवऱ्याचा पाय गेला होता.

तिनं डबा बाजूला सारला.

“भावजयीला नसतं मारलं त्यांनी,” ती म्हणाली. “तुला मारलं असतं. आडणा हातातच व्हता. आन् तुझ्यावर आडणा पडला असता तर तुझ्या मायनं कुऱ्हाड त्यांच्या आधी उचलली असती. मी तिला वळखत व्हते.” मग तिनं कूस वळवली. “बैल गेला तेवढं लई झालं.”

मुलानं गाडीतून हाक मारली. मी त्या मोकळ्या रस्त्यावर अजून थोडी उभी राहिले. नंतर गाडीत बसले. मुलानं हीटर चालू केला आणि विचारलं, एवढा वेळ काय बघत होतीस. आजवर मी हे त्याला सांगितलं नव्हतं. बिडकीन मागं पडायच्या आत मी सुरुवात केली. “गंजी आम्ही दोघींनी पेटवली होती,” मी म्हणाले.